मेल हरवतो कुठे?

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री, आपल्याकडे नऊ वाजून गेल्यावर, व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आणि जवळपास सहा तास बंदच राहिलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे व्हॉट्सअ‍ॅपची मालक असलेल्या फेसबुकची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली, आणि पाठोपाठ कंपनीचे पत्तेच इंटरनेटवरून दिसेनासे झाले. ईमेल असा सगळीकडे एकदम बंद पडत नाही. जीमेल झोपलं तरी एखाद्या विद्यापीठाचा सर्व्हर दुसऱ्या कार्यालयाच्या सर्व्हरला मेल पाठवतच राहतो. ईमेलला कुणी एक मालक नाही. आहेत ते फक्त सर्वांनी पाळायचे नियम.

एसएमटीपी नावाचे हे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले, आणि समोरचा संगणक ऐनवेळी हजर नसणार हे त्यात गृहीतच धरलं होतं. सर्व्हर उत्तर देत नाही? मेल रांगेत ठेवा, काही वेळाने पुन्हा पाठवा. आजचे नियम सांगतात, निदान चार-पाच दिवस तरी चिकाटी सोडू नका. समोरून ‘२५०’ हा आकडा आला की मेलची जबाबदारी त्या सर्व्हरची. पुढे तो पोहोचवता आला नाही, तर तसं पाठवणाऱ्याला कळवायचं. व्यवस्था इतकी चोख की पोस्टखात्यानेही हेवा करावा.

ती बिघडवली स्पॅमने. आता सर्व्हर ‘२५०’ म्हणून मेल घेतो आणि मुकाट्याने स्पॅमच्या फोल्डरमध्ये टाकतो. पाठवणारा निर्धास्त, घेणारा अनभिज्ञ. इथे व्हॉट्सअ‍ॅप सरस ठरतं: एक टिक म्हणजे सर्व्हरपर्यंत, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनपर्यंत. तो फोन महिनाभर बंद राहिला तर मात्र तीस दिवसांनी निरोप सर्व्हरवरून पुसला जातो. तरीही ‘आज येतोय’ एवढंच कळवायचं असेल, तर मी टिकांवरच विसंबेन. करारनामा मात्र मेलनेच पाठवेन आणि मिळाला का, ते फोन करून विचारेन.

स्पॅमवरचा एक उपाय तर मेलच्या चिकाटीवरच बेतलेला आहे. अनोळखी सर्व्हरकडून पहिल्यांदा मेल आला की काही सर्व्हर मुद्दाम ‘आत्ता नको, नंतर या’ म्हणतात. सच्चा सर्व्हर नियमाप्रमाणे पुन्हा येतो. लाखोंनी मेल सोडणाऱ्या स्पॅमवाल्याला सहसा तेवढी सवड नसते. याला ‘ग्रेलिस्टिंग’ म्हणतात. यात अडकतो तो दहा मिनिटांची मुदत असलेला ओटीपी: नियमाप्रमाणे पुन्हा येतो, पोहोचतोही, पण मुदत संपल्यावर.