यंत्र थांबलं की ज्याला हाक जाते

६२०५. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला हा आकडा मेंटेनन्स विभागात पाऊल ठेवलेल्या शिकाऊ उमेदवाराला पहिल्या काही दिवसांतच वाचता आला पाहिजे. पहिला ६ सांगतो की हे खोल खोबणीचं बॉल बेअरिंग आहे. नंतरचा २ त्याची मालिका सांगतो, म्हणजे त्याच शाफ्टसाठी ते किती भरीव अंगाचं आहे ते. शेवटच्या ०५ला पाचने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. याचा बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५. त्याऐवजी ६३०५ घेतलं तर भोक तेच राहतं, पण बाहेरचा व्यास होतो ६२ आणि रुंदी १७. पाचने गुणण्याचा हा हिशोब ०४पासून पुढे चालतो, त्याखालचे आकडे पाठच करावे लागतात. ज्याला हे येतं तो रात्रपाळीत स्टोअरच्या खिडकीशी उभा राहून नेमकी वस्तू मागतो. ज्याला येत नाही तो जुनं बेअरिंग पुढे करून "असलंच द्या" म्हणतो, आणि जुन्यावरचा आकडा घासून गेला असेल तर तिथेच अडकतो.

आयटीआयमधून दोन वर्षांचा फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी साधारण वर्षभराच्या उमेदवारीसाठी कारखान्यात येते, तेव्हा हातात बरंच काही असतं. महिनोन्महिने कानस चालवून मनगट बसलेलं असतं. लोखंडाच्या तुकड्याला गुण्या लावून उजेडाकडे धरलं तर फट दिसता कामा नये, ही शिस्त अंगात मुरलेली असते. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता येतो. फरक पुढेच आहे. आयटीआयमधला तुकडा स्वच्छ असतो आणि छातीच्या उंचीवर व्हाइसमध्ये धरलेला असतो. कारखान्यातलं काम तेलात माखलेलं, अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा डोक्यावर असतं, आणि उत्पादनाचा सुपरवायझर दर पाच मिनिटांनी येऊन "किती वेळ?" विचारत असतो. या दोन जगांमधला पूल म्हणजे शिकाऊ उमेदवारी. माझं ठाम मत आहे की मेंटेनन्सच्या धंद्यात हा पूल चुकवून कुणालाही पलीकडे जाता येत नाही, डिप्लोमावाल्याला नाही आणि इंजिनिअरलाही नाही.

त्यामागचा कायदा जुना आहे. १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा १ मार्च १९६२ला अमलात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झालं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, ठाणे-बेलापूर पट्टा हे सगळं पुढे ज्या फिटर-टर्नरांच्या हातांवर उभं राहिलं, त्यांतल्या कित्येकांनी या कायद्याखाली धडे गिरवले. वाहनं बनवणाऱ्या टेल्को कंपनीने पिंपरीत पाय रोवले ते १९६६च्या सुमारास. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या त्या आखणीत प्रशिक्षण केंद्र आणि मशीन टूल विभाग आधी आले, वाहनं कितीतरी नंतर. माणूस आधी घडवायचा आणि मग त्याच्याकडून कारखाना चालवून घ्यायचा, हा क्रम त्या काळात भांडवल गुंतवून पाळला गेला. आज तो किती ठिकाणी पाळला जातो, याची मला काळजी वाटते.

कायद्याच्या नजरेत शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे. त्याचा मालकाशी लेखी करार होतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. त्याच्या प्रगतीची नोंद ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. आरोग्य आणि सुरक्षेचे नियम त्याला कामगारासारखेच लागू होतात, आणि कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्कही. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मात्र मालकावर नाही. २०१९च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं केलं आणि आयटीआय उत्तीर्णाला दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या गावाकडच्या पोराला ही रक्कम पुरत नाही, हे उघड बोललं पाहिजे.

आता शॉप फ्लोअरवर येऊ. जुना, जाणता फिटर, ज्याला सगळे काका किंवा मामा म्हणतात, तो नव्या उमेदवाराला पाना देण्याआधी कुलूप देतो. यंत्र बंद करणं म्हणजे नुसतं बटण दाबणं, ही समजूत त्याला सगळ्यात आधी मोडायची असते. मुख्य आयसोलेटर खाली ओढायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, नावाची पट्टी अडकवायची. चार माणसं काम करणार असतील तर चार कुलुपं, आणि ज्याचं त्यानेच काढायचं. मग सुरू करण्याचं बटण मुद्दाम दाबून पाहायचं. यंत्र हललं नाही, तरी काम संपलेलं नसतं. हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटरमध्ये दाब साठलेला असतो, हवेच्या नळीत हवा असते, प्रेसचा वर थांबलेला रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. म्हणून दाब सोडायचा आणि रॅमखाली ठोकळा लावायचा. मनगटातला गंडा, बोटातली अंगठी, गळ्यातली साखळी गेटवरच उतरवायची. चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट बसणारे असावेत, हे १९४८च्या कारखाना कायद्यानेही लिहून ठेवलं होतं.

हायड्रॉलिकबद्दल एक गोष्ट तर पुन्हा पुन्हा सांगायला हवी. नळीतून तेल कुठून गळतंय हे हात फिरवून कधीही शोधू नये. मोठ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, माणूस पुसून कामाला लागतो, आणि आत तेल पसरत जातं. अशी जखम दिसली की तडक शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

पुन्हा बेअरिंगकडे वळतो, कारण मेंटेनन्सचं निम्मं शहाणपण त्या कड्यात आहे. शाफ्टवर बेअरिंग चढवताना जोर फक्त आतल्या कड्यावर यायला हवा. बाहेरच्या कड्यावर हातोडा मारला तर तो घाव गोळ्यांमधून जातो आणि गोळ्या धावतात त्या पट्टीवर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. बेअरिंग बसतं, फिरतं, उमेदवाराला शाबासकीही मिळते. थोड्याच काळात ते आवाज करू लागतं. म्हणून घट्ट बसणारं बेअरिंग इंडक्शन हीटरवर तापवतात, साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत. मग ते हातमोज्याने उचलून अलगद सरकवता येतं. आगीच्या ज्वाळेवर तापवायचं नाही, पोलादाचा कडकपणा उतरतो. ग्रीसचंही तसंच. नवशिक्याला वाटतं जितकं जास्त तितकं चांगलं. साधारण वेगाच्या बेअरिंगमध्ये मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मी एवढंच ग्रीस हवं. ठासून भरलं तर ते आतल्या आत घुसळून तापतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा हिशोब आयुष्याचा. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं, कारण भार आणि आयुष्य यांचं नातं घनाचं आहे. मोटर आणि पंप एका रेषेत नसतील, पट्टा गरजेपेक्षा ताणलेला असेल, तर हा जादा भार कुणाच्या लक्षात न येता चढत राहतो. त्यासाठी उमेदवाराला डायल इंडिकेटर लावून कपलिंगची रेषा जुळवायला शिकवतात. पूर्ण फेरीत काटा ०.२० मिलिमीटर फिरला, तर खरी चूक त्याच्या निम्मी, ०.१० असते. मग मोटरच्या पायाखाली कागदासारखे पातळ शिम सरकवत, बोल्ट कसत, पुन्हा मोजत बसायचं. हे काम एका दुपारी येत नाही. ज्याला ते आलं, त्याच्या हातचा पंप शांत चालतो.

थांबलेलं यंत्र पुन्हा चालू करणं आणि ते का थांबलं हे शोधणं, या दोन कामांत शिकाऊ उमेदवाराचं सारं भवितव्य आहे. तीन फेजपैकी एक गेला की मोटर गुणगुणते पण फिरत नाही, किंवा फिरत असलीच तर उरलेल्या दोन फेजवर जादा करंट खेचत तापत जाते. ओव्हरलोड रिले तिला वाचवायला ट्रिप होतो. घाईतला माणूस रिले रिसेट करतो. तो पुन्हा ट्रिप होतो, पुन्हा रिसेट. काही वेळाने जळक्या वॉर्निशचा वास येतो आणि मोटर रिवाइंडिंगला जाते. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण जगभरच्या कारखान्यांत शिकवतात. यंत्र थांबलं, कारण भार वाढून फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं. वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. पंपाचा शाफ्ट झिजला होता. आणि झिजला होता तो गाळणी नसल्यामुळे आत गेलेल्या धातूच्या कचऱ्याने. फ्यूज बदलून थांबलेला माणूस तोच फ्यूज पुन्हा बदलत राहणार. गाळणी बसवणारा तिथून पुढे जातो.

मुळापर्यंत उघडून पाहण्याची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने विमानांच्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या. दर पन्नास उड्डाण-तासांनी विमानांची तपासणी होई. अपेक्षा अशी की तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत. प्रत्यक्षात तपासणीनंतर लगेच ते वाढत आणि मग हळूहळू उतरत. चांगलं चाललेलं उघडताना माणसं नवे दोष आत घालत होती. तपासणीचं वेळापत्रक बदलल्यावर विमानं अधिक वेळ उडू लागली. उमेदवाराने हातात पाना घेताना हे लक्षात ठेवावं. उघडण्याआधी ऐकावं, हात लावून तापमान जाणावं, कंपनं मोजावीत, लॉगबुकची मागची पानं वाचावीत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकणारे काका आता कमी झाले, पण कंपनमापकाचा आकडा बघतानाही तो कान कामाला येतो.

शिकायला जागा कोणती चांगली, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल : साखर कारखाना. ऊस पडायला लागला की गळीत हंगामात यंत्रं दिवसरात्र चालतात, आणि थांबली की ऊस टाकायच्या गव्हाणीबाहेर गाड्यांची रांग लागते. तेव्हा उमेदवार ब्रेकडाऊन शिकतो. हंगाम संपला की पावसाळ्यापर्यंत आणि पुढेही सगळं उघडलं जातं. गिरणीचे रोलर, गिअरबॉक्स, टर्बाइन, पंप, सगळं जमिनीवर मांडलेलं. वर्षभरात एकच यंत्र चालताना, बिघडताना आणि पूर्ण उकलून ठेवलेलं पाहायला मिळणं, हे भाग्य वाहनांच्या सुट्या भागांच्या झगमगीत कारखान्यातल्या मुलाला क्वचितच लाभतं.

आणि त्याच झगमगाटात खरं दुखणं आहे. काही कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलेली मुलं पहिल्या दिवसापासून उत्पादनाच्या लाइनवर उभी केली जातात. एकच बोल्ट कसण्यात, एकच सुटा भाग मशीनमध्ये घालण्या-काढण्यात त्यांचं वर्ष सरतं. मेंटेनन्सचं दार ती जेवणाच्या सुट्टीत बाहेरून पाहतात. हातात राष्ट्रीय प्रमाणपत्र येतं आणि ६२०५ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. हा त्या मुलांवरचा अन्याय आहे. मालकाचंही यात नुकसानच आहे. दहा-पंधरा वर्षांत निवृत्त होणाऱ्या काकांची विद्या उचलायला मागे कुणी तयार झालेलं नसेल, आणि ती कोणत्याही पुस्तिकेतून परत मिळणार नाही.

कारखानदारांना माझी विनंती आहे : प्रत्येक उमेदवाराला वर्षात निदान एक यंत्र पूर्ण उघडून, त्याच्या हाताने पुन्हा बांधून, त्याच्याच सहीने चालू करू द्या. खंडेनवमीला ज्या हत्यारांना हळद-कुंकू वाहता, ती वापरायला शिकवणारा एक माणूस त्याच्यासाठी नेमून द्या. आणि आयटीआयतून निघालेल्या मुला-मुलींना, त्यांच्या आईवडिलांना सांगणं एवढंच : करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. किती महिने मेंटेनन्समध्ये, कोणत्या फिटरच्या हाताखाली, आणि प्रगतीची नोंदवही कोण तपासणार. नीट उत्तर मिळालं नाही, तर त्याच वसाहतीतला दुसरा कारखाना गाठा.