टर्बो उतरवण्याआधी ब्रीदर बघा

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'टर्बो गेला.' लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन नेणारा पिकअपवाला असो, नाहीतर साखर कारखान्याच्या हंगामात रात्रंदिवस पळणारा जीपवाला असो, नव्या टर्बोच्या पैशांची तजवीज कशी करायची या काळजीतच तो गॅरेजात येतो. रेणापुरात गाड्या दुरुस्त करताना मी प्रत्येकाला तेच सांगतो, थांबा, आधी ब्रीदरचा पाइप काढून बघू.

इंजिनात इंधन पेटतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. नव्या कोऱ्या इंजिनातही उतरतो. मिस्त्री लोक त्याला बॅक कंप्रेशन म्हणतात. त्यात अर्धवट जळालेलं इंधन, पाण्याची वाफ, काजळी आणि ऑइलचे बारीक तुषार असतात. त्याला बाहेर पडायला वाट लागते, ती वाट म्हणजे ब्रीदर. जुन्या ट्रॅक्टरला खाली तोंड केलेली नळी दिसते, तिच्याखालची जमीन काळी पडलेली असते. पूर्वी मोटारींनाही तशीच नळी असायची. लॉस एंजेलिसच्या हवेत धुरकं साचायला लागलं, तेव्हा कॅलिफोर्नियानं १९६१ मध्ये हा वायू परत इंजिनात ओढून जाळण्याची यंत्रणा आणली. आज टर्बो गाड्यांत हा पाइप टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टरनंतर जोडलेला असतो.

आता टर्बोकडे बघा. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला ऑइल पंपाच्या दाबानं मिळतं, पण ते परत क्रँककेसच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं ते फक्त स्वतःच्या वजनानं. ब्रीदर तुंबला की चेंबरमध्ये दाब साचतो आणि ऑइल खाली उतरत नाही. टर्बोत रबरी सील नसतं, पिस्टनसारखीच बारीक रिंग असते. अडलेलं ऑइल तिथून निसटून एका बाजूला इंटरकूलरमध्ये, दुसऱ्या बाजूला सायलेन्सरमध्ये जातं आणि धूर निघतो.

असाच एक पिकअप माझ्याकडे आला होता. दुसरीकडे त्याला टर्बो बदलायला सांगितलं होतं. मी होज काढून टर्बोचा दांडा बोटांनी हलवला. आडवा किंचित हलत होता, तेवढं चालतं. पुढेमागे अजिबात हलत नव्हता, पंखा कुठे घासलेला नव्हता. मग ब्रीदरचा पाइप काढला. आत डांबरासारखा काळा थर, फुंकर मारली तरी हवा पलीकडे जाईना. पाइप बदलला, टॅपेट कव्हरमधली वाट साफ केली, इंटरकूलर उतरवून उपडा केला. आत साचलेलं ऑइल जळेपर्यंत धूर थोडा वेळ येत राहिला, मग थांबला. इंटरकूलर रिकामा करणं कुणी टाळू नये. डिझेल इंजिनाला ऑइल हेही इंधनच. ते भरपूर ओढलं गेलं तर चावी काढल्यावरही इंजिन पळत सुटतं, आवरत नाही.

घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. डिझेल गाडीचं इंजिन गरम झाल्यावर आयडलवर ठेवायचं, ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवायचं. हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडलं तर एकतर ब्रीदर बंद आहे, नाहीतर रिंगा झिजल्यात. पाइप मोकळा असूनही उडत असेल तर कंप्रेशन तपासून घ्यावं. आपल्या काळ्या मातीची धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली की रिंगा आणि बोअर लवकर झिजतात, हे इथल्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावं.

हल्ली तरुण पोरं ऑनलाइन मागवलेला कॅच कॅन घेऊन येतात. ब्रीदर आणि टर्बोच्या मधे बसवायचा हा डबा. भाताच्या झाकणावर वाफ पाणी होऊन चिकटते, तसं गरम वायूतलं ऑइल डब्यातल्या जाळीवर थेंब होऊन अडकतं. आत जाळी किंवा आडवे पडदे नसतील तर तो नुसता रिकामा डबा, पैसे वाया. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांत त्याचा उपयोग मला पटतो. तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्ह धुतला जात नाही, आणि ऑइलची वाफ त्याच्यावर कार्बन होऊन बसते. पण अशा पेट्रोल इंजिनात वाटा दोन असतात, एक इनटेक मॅनिफोल्डकडे आणि एक टर्बोकडे. टर्बोनं दाब दिला की पहिली वाट एकतर्फी व्हॉल्व्हनं बंद व्हावी लागते. तो व्हॉल्व्ह खराब असेल तर दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो, मग कितीही महागडा डबा लावा. झिजलेल्या रिंगांनाही डबा औषध नाही, तो फक्त लवकर भरतो.

डब्याचं दुसरं तोंड हवेत उघडं सोडू नका. केबिनमध्ये वास येतो, विषारी वायू बाहेर पडतो आणि नियमातही ते बसत नाही. नळ्या अरुंद किंवा पिळलेल्या नकोत, नाहीतर तुंबलेला ब्रीदर आपणच तयार केला असं होईल. गाडी वॉरंटीत असेल तर बसवण्याआधी कंपनीला विचारा.

डबा सुरुवातीला दर महिन्याला उघडा. हिवाळ्यात, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीच्या डब्यात दह्यासारखा पिवळट लगदा निघतो, ते वाफेचं पाणी आणि ऑइल एकत्र फेसाळलेलं असतं. निघालेलं काहीही परत इंजिनात ओतायचं नाही, त्यात पाणी, इंधन आणि आम्ल असतं. नालीतही नाही. मी ते जुन्या ऑइलच्या पिंपात टाकतो आणि वापरलेलं ऑइल नेणाऱ्या अधिकृत परवानाधारकालाच देतो.