हरणाच्या शिकारीतील रायफलची सुरक्षित हाताळणी : लक्ष्यनिश्चितीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे भारतात हरणाची शिकार हा गुन्हा ठरतो. साहजिकच शिकारीतील शस्त्रसुरक्षा हा विषय आपल्याकडे अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिला. अमेरिकेत मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना घेऊन, ठरावीक हंगामात केली जाते. न्यू यॉर्क राज्याने तरुण शिकाऱ्यांसाठी १९४९ मध्येच प्रशिक्षण सक्तीचे केले. या प्रशिक्षणातील नियम आणि त्यांमागील कारणमीमांसा प्रस्तुत लेखात पाहावयाची आहे.

हाताळणीचे नियम :
मूलभूत नियम चारच आहेत. प्रत्येक रायफल भरलेली आहे असे मानावे. नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेस ठेवावे. नेम धरून गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये. आणि लक्ष्य कोणते व त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करावी. रायफलला सेफ्टीचा खटका असतो, परंतु तो यांत्रिक भाग असल्याने निकामी होऊ शकतो; म्हणून त्यावर विसंबणे गैर. कुंपण ओलांडताना अथवा झाडावरील मचाणावर चढताना काडतुसे काढून घ्यावी लागतात. मचाणावर रायफल हातात घेऊन चढत नाहीत. रिकामी रायफल, नळी खाली ठेवून, दोरीने मागाहून वर ओढून घेतात.

‘पलीकडे काय आहे’ या शब्दांचे महत्त्व गोळीच्या पल्ल्यावरून ध्यानात येते. हरणाच्या शिकारीत रूढ असलेल्या थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची गोळी सुमारे पाच किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडू नये, असे सांगतात ते याचसाठी.

लक्ष्यनिश्चिती :
पहिले तीन नियम हाताच्या सवयीचे आहेत. चौथा दृष्टीचा, किंबहुना मनाचा आहे. पहाटेपासून हरणाची वाट पाहणाऱ्यास झुडपातील हालचाल हरणाचीच वाटू लागते. दशरथाने घागर भरण्याचा आवाज ऐकून बाण सोडला आणि श्रावणाचा बळी गेला. त्या कथेतील चूक अज्ञानाची नव्हे, अपेक्षेची होती.

मेन राज्यात नोव्हेंबर १९८८ मध्ये एक स्त्री घरामागील आवारात असताना एका शिकाऱ्याच्या गोळीने मृत्युमुखी पडली. तिच्या हातांत पांढरे मोजे होते. भयभीत हरीण पळताना शेपटी उभारते आणि तिची खालची पांढरी बाजू चमकते. आपणास हरीण दिसले असे शिकाऱ्याचे म्हणणे होते. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून ज्यूरीने १९९० मध्ये त्याला मुक्त केले. स्वतःच्या आवारात वावरणाऱ्या स्त्रीने पांढरे मोजे का घातले, नारिंगी वस्त्र का घातले नाही, अशी चर्चा त्या काळी झाली, हे प्रस्तुत लेखकास अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

मेनने १९९१ मध्ये लक्ष्यनिश्चितीचा स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार लक्ष्याचे डोके आणि धड जवळजवळ विनाअडथळा दिसल्याखेरीज सुज्ञ शिकारी गोळी झाडत नाही. पांढऱ्या ठिपक्याला डोकेही नसते, धडही नसते. दिसण्याची जबाबदारी समोरच्यावर न टाकता पाहण्याची जबाबदारी रायफलधारकावर टाकली गेली.

अनेक राज्यांत शिकाऱ्यांना चकाकते नारिंगी वस्त्र सक्तीचे आहे. हरणास लाल-नारिंगी रंग माणसाप्रमाणे ओळखता येत नाही, त्यामुळे शिकारीत बाधा येत नाही. परंतु हे वस्त्र शिकाऱ्याचे रक्षण करते. अंगणात कपडे वाळत घालणाऱ्याच्या अंगावर ते नसते.

येथे दुर्बिणीचा उल्लेख आवश्यक आहे. रायफलवर बसवलेल्या दुर्बिणीतून ‘ते काय आहे’ हे पाहू जाणे म्हणजे अनोळखी आकृतीवर नेम धरणेच होय. ती आकृती माणसाची निघाली, तर भरलेली नळी त्याच्यावर रोखली गेलेली असते. यास्तव ओळख पटविण्याकरिता गळ्यात वेगळी दुर्बीण असावी आणि तिच्यातून खात्री होईपर्यंत रायफल खांद्याला लावूच नये, असे प्रशिक्षणात शिकवले जाते.