नाव एक, गावे दोन

फाळणीपूर्वी आपल्या हैदराबादेतील पेढीस पत्र घालावयाचे, तर पत्त्यात 'दक्षिण' हा शब्द लिहावा लागे. नाही तर ते सिंधमधील हैदराबादेस जाण्याचे भय. पत्र वाट चुकते, तसे मनही चुकते. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाच्या 'पॅरिस, टेक्सास' या चित्रपटाचा विषय हाच. १९८४ साली त्यास कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

नायक ट्रॅव्हिस याने अमेरिकेतील पॅरिस गावी एक ओसाड जागा टपालाने विकत घेतली आहे. तिचे छायाचित्र तो जवळ बाळगतो; आपल्या जन्माचे मूळ त्या गावी आहे, अशी त्याची समजूत. त्याचे वडील पत्नीची ओळख 'ही पॅरिसची' अशी करून देत आणि क्षणभर थांबून 'टेक्सासमधील' असे जोडीत. पुढे ती थट्टा त्यांना स्वतःलाच खरी वाटू लागली, आणि समोरची साधी स्त्री त्यांना दिसेनाशी झाली.

नवल असे की, ते गाव चित्रपटात त्या छायाचित्राखेरीज कोठेच येत नाही. जागा विकत मिळाली. संसार मात्र मोडला. शेवटी ट्रॅव्हिस मायलेकरांची भेट घालून देतो व एकटाच निघून जातो. गावाचे नाव उसने घेता येते. आपलेपणा मात्र माणसे सांभाळूनच जोडावा लागतो.