कोर्टाची पायरी (लेखांक ५) : न्यायाधीश मतपेटीतून यावा का?

सरपंच आपण निवडतो, पंचायत समिती सदस्य निवडतो, आमदार-खासदारही निवडतो. मग आपल्या बांधाचा, वहिवाटीचा, वाटपाचा निकाल देणारा न्यायाधीश आपण का निवडत नाही? हा प्रश्न नीट विचारात घ्यावा असा आहे. जगातल्या काही देशांनी त्याचं उत्तर ‘निवडा’ असं दिलेलं आहे.

आधी आपल्याकडची रीत. जुन्नरला आणि आंबेगाव तालुक्यासाठी घोडेगावला जे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, बसतात तेच प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. दाव्याचा निकाल तेच देतात आणि गुन्हा शाबित झाला तर तीन वर्षांपर्यंत कैदही तेच सुनावू शकतात. ते येतात लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत पार करून. संविधानाच्या कलम २३४ प्रमाणे नेमणूक राज्यपाल करतात. कलम २३५ प्रमाणे बदली, बढती आणि शिस्त उच्च न्यायालयाच्या हाती असते. खून-दरोड्याचे खटले आणि अपिलं चालतात राजगुरुनगरच्या जिल्हा व सत्र न्यायालयात. या सगळ्यात जुन्नर-आंबेगावच्या मतदाराचं मत कुठेही विचारलं जात नाही.

अमेरिकेत ते विचारलं जातं. मिसिसिपी राज्याने १८३२ मध्ये सगळेच न्यायाधीश मतदानाने निवडायला सुरुवात केली आणि पुढे बऱ्याच राज्यांनी तोच मार्ग धरला. तिथे खालच्या कोर्टाचा न्यायाधीशही प्रचार करतो, देणग्या घेतो. शिकागो शहर ज्या कुक काउंटीत आहे तिथे तर न्यायाधीशांच्या काही जागांसाठी काउंटीचे भाग पाडले आहेत. प्रत्येक भागातले मतदार आपापला न्यायाधीश निवडतात. त्यामागे विचार असा की संख्येने कमी असलेल्या वस्त्यांतूनही कुणीतरी न्यायासनापर्यंत पोहोचावं. हा हेतू मला मनापासून पटतो. आदिवासी पट्ट्यातल्या आहुप्याच्या माणसाला कोर्टात आपलं कुणी दिसत नाही, हे दुःख खरंच आहे.

पण याच पद्धतीची दुसरी बाजू वेस्ट व्हर्जिनियात उघडी पडली. मॅसी या कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलर भरपाईचा निकाल लागला होता आणि कंपनीला अपिलात जायचं होतं. दरम्यान २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक आली. कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराच्या बाजूने सुमारे ३० लाख डॉलर ओतले. उमेदवार निवडून आला आणि पुढे त्याच कंपनीच्या अपिलात बसून त्याने कंपनीच्या बाजूने मत दिलं. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने सांगितलं, की त्याने त्या प्रकरणातून बाजूला व्हायला हवं होतं. मेक्सिकोने १ जून २०२५ रोजी देशभर न्यायाधीशांची निवडणूक घेतली, तर जेमतेम १३ टक्के मतदार आले. अनोळखी नावांच्या त्या लांबलचक याद्या वाचणार तरी कोण?

आपल्या भागात निवडीच्या जवळ जाणाऱ्या गोष्टी होऊन गेल्या आहेत. मराठेशाहीत गोतसभा न्यायाला बसे आणि निवाड्याच्या महजरावर (निकालपत्रावर) पाटलाची निशाणी म्हणून नांगर उमटे. ती बसे मात्र वतनाच्या हक्काने, मताने नव्हे. १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर इंग्रजांनी १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा केला. पुणे जिल्ह्यालाही तो लागू होता. त्याखाली पाटलाला किंवा गावातल्या वजनदार माणसाला गावमुन्सफ नेमता येई, म्हणजे वरूनच नेमणूक. खरी निवड आली ती १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात. गावांच्या गटासाठी न्यायपंचायत आणि तिचे पंच ग्रामपंचायतींनी निवडायचे, अशी ती तरतूद होती. अधिकार किरकोळ होते. तरी सत्तरच्या दशकात महाराष्ट्राने न्यायपंचायती मोडीत काढल्या. माझ्या मते ते योग्यच झालं. भावकी, पॅनल आणि सोसायटीची निवडणूक ज्या गावात एकमेकांत गुंतलेली असते, तिथे मतांवर बसलेला पंच हरलेल्या पॅनलच्या माणसाला न्याय देईलही. पण तो मिळाला असं त्या माणसाला वाटणार नाही.

आज उरली आहे ती तंटामुक्त गाव समिती. २००७ मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेत समिती निवडते ग्रामसभा, आणि ती निवड गावचे लोक गांभीर्याने घेतात. या समितीला कुणाला दंड करता येत नाही, शिक्षा देता येत नाही. तिचं बळ समजूत घालण्यात आहे. कांद्याच्या रानात बांध कोरला म्हणून दोन चुलतभाऊ हमरीतुमरीवर आले की अध्यक्ष चार जाणत्यांना घेऊन वावरात जातात, जुना खुणेचा दगड कुठे होता ते शेजाऱ्याला विचारतात, दोघांना मोजणीला तयार करतात. हे काम निवडून आलेल्या माणसानेच करावं, कारण इथे दोन्ही बाजूंचा विश्वास हेच भांडवल असतं. आणि समेट मान्य नसलेल्याला कोर्टाचं दार उघडंच राहतं.

शिक्षा देणारा मात्र मतांचा देणेकरी नसावा. लोकांना हवी आहे ती जवळीक, आणि ती निवडणुकीशिवायही देता येते. २००८ च्या ग्रामन्यायालय कायद्यात पंचायत समितीच्या पातळीवर न्यायालय आणि नेमलेल्या न्यायाधिकाऱ्याने गावात येऊन काम चालवणं, या दोन्हींची सोय आहे. आणे पठारावरच्या किंवा डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांसाठी मागणी करायची तर ती याची करावी.

तंटामुक्ती समितीची निवड बहुधा ऑगस्टच्या ग्रामसभेत होते. अध्यक्षपदाचं नाव पॅनलवाल्यांनी आदल्या रात्री ठरवून आणलेलं असेल, तर उठून विचारा : हा माणूस दोन्ही भावकींच्या ओसरीवर बसू शकतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरं नाव सुचवा. तो हक्क ग्रामसभेतल्या प्रत्येक मतदाराला आहे.