न्हाणीघरातील जुनी फरशी

आमच्या न्हाणीघरातील मोझाइक फरशी काळवंडली, तेव्हा ‘उखडून टाका’ असाच सल्ला सर्वांनी दिला. परंतु दोष फरशीचा नव्हता, आमचा होता. वर्षानुवर्षे आम्ही तिच्यावर अ‍ॅसिड ओतत होतो. फेस आला की मळ निघाला, असे आपण समजतो. वस्तुतः फरशीतील संगमरवराची खडी विरघळत असते, तिचाच तो वायू! सिमेंटही झिजते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढचा मळ त्यात अधिकच घट्ट बसतो.

सुदैवाने मोझाइकचा रंग वरवरचा नसतो. वरच्या थराच्या सबंध जाडीत तीच खडी आणि तोच रंग असतो. म्हणून ती घासता येते. प्रथम ६० नंबरच्या कार्बोरंडम दगडाने, पाणी सोडत, खराब झालेला भाग काढावा. कोपऱ्यांत यंत्र पोचत नाही. तेथे हातानेच घासावे लागते. उघडी पडलेली छिद्रे त्याच रंगाचे सिमेंट पातळ कालवून भरावीत व फरशी आठवडाभर ओली ठेवावी. घाई येथेच नडते. मग १२० नंबरचा दगड. दिवाणखान्यात पुढे ३२० नंबरचा दगड फिरवून ऑक्झॅलिक आम्लाची पूड घासतात. न्हाणीघरात आम्ही १२० वरच थांबलो. त्या ओल्या फरशीवरून रोज पहाटे आजीला चालायचे असते.