पर्वतिथी आणि घड्याळ : वाशीम जिल्ह्यातील जैन पर्वपालन

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला; तथापि या भूभागाचा जैन परंपरेशी असलेला संबंध पुष्कळ जुना आहे. कारंजा (लाड) येथे सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे आहेत. तेथील भांडारांतील पोथ्यांच्या आधारे पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये संपादित झाली. महावीर ब्रह्मचर्याश्रमही येथेच १९१८ मध्ये स्थापन झाला. अशा परिसरातील नोकरदार व व्यापारी कुटुंबांना पर्वतिथी पाळताना नेमकी अडचण कोठे येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शासनमान्य सुट्टी महावीर जयंतीची, म्हणजे चैत्र शुद्ध त्रयोदशीची. २०२४ मध्ये ती २१ एप्रिलला, रविवारीच आली. व्रताच्या दृष्टीने खरे कठोर दिवस मात्र दशलक्षण पर्वाचे होत. भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी या काळात उत्तम क्षमेपासून उत्तम ब्रह्मचर्यापर्यंत दहा धर्मांचे क्रमाने चिंतन केले जाते. श्वेतांबरांचे आठ दिवसांचे पर्युषण याच सुमारास संपते. हे पर्व गणेशोत्सवाच्या काळातच येत असल्याने गावात उत्सवाची गजबज असते आणि जैन घरात मात्र उपवास किंवा एकासन चालू असते. शेतात मूग-उडदाच्या काढणीची घाईही याच दिवसांत असते.

अडचण श्रद्धेची नसून मुख्यतः वेळेची आहे. रात्रिभोजनत्यागाचा नियम सूर्याशी बांधलेला, तर कार्यालय घड्याळाशी. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा लागू केला आणि शासकीय कार्यालयांची वेळ सर्वसाधारणपणे सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. भाद्रपदात वाशीम येथे सूर्यास्त साडेसहाच्या आसपास होतो. म्हणजे कार्यालयातून घरी पोहोचून, हातपाय धुऊन पाटावर बसण्यास जेमतेम पाव तास उरतो. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारासच मावळतो. तेव्हा अष्टमी-चतुर्दशीचे व्रत नसले तरी नित्याचा नियम पाळणाऱ्याला कार्यालयातच डबा उघडावा लागतो. शनिवारच्या सुट्टीने एक दिवस मोकळा केला, परंतु उरलेल्या पाच दिवसांची सायंकाळ अधिक अरुंद केली. या ओढाताणीचा भार प्रायः घरातील स्त्रीवर पडतो. दुपारी चारलाच चूल पेटवणे, पाणी गाळणे, कंद व हिरव्या भाज्या टाळून वरण-भाकरीवर भागविणे आणि स्वतः उपवास धरून इतरांचे वाढणे, हे सारे तिलाच करावे लागते. पर्वपालनावरील लेखनात याची नोंद क्वचितच होते.

दुसरा गुंता तिथीचा. तिथीची लांबी सुमारे १९ ते २६ तास अशी बदलती असते. दिगंबर परंपरेत व्रतासाठी तिथी सूर्योदयानंतर किमान सहा घटिका, म्हणजे २ तास २४ मिनिटे, असावी असा सामान्य नियम आहे; त्यामुळे भिंतीवरील दिनदर्शिकेतील चतुर्दशी व व्रताची चतुर्दशी यांत कधी एका दिवसाचे अंतर पडते. त्यात हिंदी पंचांग महिना पौर्णिमेला संपवते. म्हणून क्षमावणीचा दिवस तेथे आश्विन वद्य प्रतिपदा, तर मराठी पंचांगात भाद्रपद वद्य प्रतिपदा असा छापलेला दिसतो. दिवस एकच, पण रजेचा अर्ज लिहिणाऱ्याचा गोंधळ होतो.

मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे तर वेळ हाच वादाचा विषय ठरला. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेसाठी दोन्ही पंथांत १९०५ मध्ये वेळापत्रक ठरले होते; ते टिकले नाही. मंदिर १९८१ पासून बंद राहिले व सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. मधल्या चार दशकांतील पर्वे जिल्ह्यातील भाविकांनी आपापल्या गावच्या मंदिरातच साजरी केली.

उपवासाची तिथी हलविता येत नाही. सामूहिक क्षमावणीचा कार्यक्रम मात्र नोकरदारांच्या सोयीसाठी अनेक ठिकाणी पुढील रविवारी ठेवतात, आणि त्यात प्रस्तुत लेखकास काही वावगे वाटत नाही. भ्रमणध्वनीवरून एकच मजकूर शेकडोंना पाठविण्यापेक्षा, चार दिवस उशिरा का होईना, ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्यासमोर हात जोडणे त्या पर्वाच्या आशयाला अधिक जवळचे आहे.